उघडे पत्र

१ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले सरकारी पोस्टकार्ड निघाले, तेव्हा काहींनी नाके मुरडली. टपालवाला वाचील ते पत्र कसले? हिंदुस्थानात ते १८७९ साली आले, किंमत पाव आणा. आणि स्वस्ताईने शंकेवर मात केली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी कोकणात खुशाली कळवू लागला. मात्र कर्जाच्या, सोयरिकीच्या, घरातल्या कुरबुरींच्या गोष्टी लोक पाकिटात घालीत. काय उघडे ठेवायचे नि काय झाकायचे, हे लिहिणारा ठरवी.

२००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फेसबुक सुरू झाले. अशा माध्यमांचे उपकार थोडेथोडके नाहीत. परदेशातला नातू आजीला रोज दिसतो, दुरावलेले वर्गमित्र पुन्हा भेटतात. परंतु २०१८ साली जगजाहीर झाले की, स्वभाव सांगणारी एक प्रश्नावली सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी आपल्या खात्याला जोडली, आणि त्यांच्या स्नेह्यांसकट ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीच्या हाती गेली असावी. होकार एकाचा, पाकिटे फुटली शेजाऱ्यांची!

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो राखणे कायद्याचे काम खरेच. पण आपल्या होकारात दुसऱ्याचेही गुपित असते, हे ओळखायला कायदा कशाला हवा? फराळाच्या पंगतीचा फोटो सर्वांना दाखविण्याआधी पंगतीतल्यांना विचारावे, एवढे तर आपल्या हाती आहे.