कुदळ, खुरपे आणि कलम

घरामागे आठ-दहा फूट जागा निघाली की आपण आधी हार्डवेअरच्या दुकानात जातो. तिथे प्लास्टिकच्या डब्यात बागकामाचा सेट मिळतो. त्यातली निम्मी अवजारे मातीला कधी लागतही नाहीत. माझ्या मते परसबागेला चार वस्तू पुरतात: कुदळ, खुरपे, कलम करायचा चाकू आणि सुतळी.

कुदळ म्हणजे संस्कृतातला कुद्दाल. पाली जातकांतले ७०वे जातक याच नावाचे आहे. वाराणसीचा एक गरीब माळी भाजी, भोपळे, काकड्या लावून पोट भरत असतो. तो संन्यास घेतो, पण कुदळीची आठवण येते आणि परत फिरतो. असे सहा वेळा होते. सातव्या खेपेला तो डोळे मिटून कुदळ नदीत भिरकावतो, म्हणजे कुठे पडली ते दिसायला नको, आणि जिंकल्याची आरोळी ठोकतो. लढाई जिंकून आलेला राजा चकित होतो. जिंकून तर मी आलोय, मग हा कोण? माळ्याची कुदळ बोथट होती, असे कथाकार मुद्दाम सांगतो. बोथट अवजारात जीव अडकतो, हे त्याला ठाऊक असावे.

खुरप्याचे मूळ क्षुरप्र. महाभारतातल्या युद्धात धनुष्ये आणि ध्वज तोडणारा, वस्तऱ्याच्या धारेचा बाण तो. तेच नाव आज गवताच्या मुळाशी काम करते.

खुरप्यासारखेच एक छोटे अवजार स्पेनमध्ये आहे, अल्मोकाफ्रे. शब्दाचे मूळ अरबी. अकराव्या शतकात टोलेडोचा इब्न बस्साल आणि बाराव्यात सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम यांनी शेती-बागकामावर ग्रंथ लिहिले, त्या भूमीतला हा शब्द. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडले. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांचे वंशज, देशाबाहेर काढले गेले. त्यांच्यात बागाईत राखणारे कितीतरी होते. माणसे गेली, तण काढायच्या अवजाराचे नाव मात्र तिथेच राहिले.

कलम हा शब्द मी वर्गात दोन्ही भाषांत शिकवतो. अरबीत तो ग्रीकातून आला, मूळ अर्थ बोरू. मुले विचारतात, आंब्याचे कलम आणि लिहायचे कलम एकच कसे? मी फळ्यावर दोन्हींचा काप काढून दाखवतो. बोरूचे टोक तिरके छाटतात, कलमाची काडीही तिरकीच. बागेची कात्री, सिकेटर, फार नंतरची. तिचे श्रेय १६व्या लुईचा मंत्री राहिलेल्या बर्त्राँ द मोलव्हिल या फ्रेंच उमरावाला देतात. ती घ्या हवी तर, पण चाकू आधी.

सुतळीला कोणी अवजार म्हणत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बाबरनाम्याचे १५९०च्या सुमाराचे एक चित्र आहे. बाबर बाग-ए-वफाची आखणी करून घेतोय आणि माळी वाफ्यांवर दोरी ताणून धरतायत. बादशहाच्या बागेतही सरळ रेघ दोरीनेच निघत होती.

खुरपे मात्र दुकानातून घेऊ नका. आमच्या अब्बांचे खुरपे झिजून अर्धे झाले होते, तरी ते नवे घेईनात. शेवटी लोहाराकडे नेले. त्याने जुन्या मुठीतच नवे पाते बसवून दिले.