भर समुद्रात मासळी जप्त झाली तर पुढे काय? अधिकाऱ्यांचे अधिकार किती, मच्छीमारांचे हक्क काय, जाणून घ्या

गस्ती नौका एखाद्या ट्रॉलरला किंवा पर्ससीन नौकेला बंदरात घेऊन आली की जेटीवर लगेच गर्दी जमते. अधिकारी नौकेवर चढतात, खण उघडले जातात, मासळी बाहेर काढली जाते. मग चर्चा सुरू होते. साहेबांना मासळी घेता येते का? ती जाते कुठे? लिलावाचे पैसे कोणाला मिळतात? मालकाला काही परत मिळतं की नाही? याची उत्तरं कायद्यात आहेत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ती माहीत असायला हवीत.

कायदा कोणता?

राज्याच्या सागरी हद्दीतील मासेमारी ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ या कायद्याने चालते. रापण, गिलनेट लावणारे छोटे मच्छीमार आणि मोठ्या यांत्रिक नौका यांच्यातला संघर्ष टाळणे व मासळीचा साठा टिकवणे हा त्यामागचा उद्देश. २०२१ मध्ये या कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि दंड कितीतरी पट वाढला. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत आहे. नदी, तलाव, धरणातील मासेमारीला हा सागरी कायदा लागू नाही.

जप्ती कधी होऊ शकते?

साधारणपणे पुढील प्रकरणांत कारवाई होते :

• विनापरवाना किंवा नोंदणी नसलेली यांत्रिक नौका मासेमारी करत असेल.
• १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीच्या काळात यांत्रिक नौका मासेमारीला गेली असेल.
• पर्ससीन जाळ्याने परवानगीच्या काळाबाहेर किंवा मनाई असलेल्या क्षेत्रात मासेमारी केली असेल. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला २०१६ च्या आदेशानुसार १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आहे.
• एलईडी दिवे लावून किंवा बूल ट्रॉलिंग करून मासेमारी केली असेल. एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे. त्यामुळे १२ मैलांच्या पलीकडेही ती चालत नाही.
• परराज्यातील नौका राज्याच्या हद्दीत घुसून मासेमारी करत असेल.
• ठरवून दिलेल्या मापापेक्षा लहान मासळी पकडली असेल.

अधिकारी काय करू शकतो?

मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला कायद्याने तीन मुख्य अधिकार दिले आहेत. संशयित नौकेवर चढून तिची झडती घेणे, नौका अडकवून ठेवणे आणि नौकेवर सापडलेली मासळी जप्त करणे. जाळं पाण्यात असतानाच नौका सापडली पाहिजे, असं नाही. नौका बेकायदा मासेमारीसाठी वापरली जात आहे किंवा आधी वापरली गेली आहे, असं मानायला कारण असेल तरी झडती होऊ शकते. म्हणूनच “आम्ही जाळं ओढून घेतलं होतं, तेव्हा मासेमारी सुरूच नव्हती” एवढ्या उत्तरावर सुटका होत नाही. एलईडी प्रकरणात दिवे आणि जनरेटरही ताब्यात घेतले जातात. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोननेही नजर ठेवली जात आहे.

पण ‘कारण असणे’ ही अट महत्त्वाची आहे. नौका कुठे होती, कोणतं जाळं होतं, कागदपत्रं होती की नाही, हे अधिकाऱ्याला लेखी अहवालात मांडावं लागतं.

जप्त मासळीचा लिलाव

नौका महिनाभर बंदरात उभी राहू शकते, मासळी नाही. बर्फात ठेवली तरी काही दिवसांत भाव पडतो. त्यामुळे साठवणुकीची सोय नसेल तर अधिकाऱ्याला मासळी विकून टाकण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. नेहमीची पद्धत म्हणजे बंदरावर जाहीर लिलाव. जास्त बोली लावणाऱ्याला मासळी मिळते. आलेली रक्कम अधिकाऱ्याच्या खिशात किंवा गस्ती नौकेच्या खर्चाला जात नाही, ती निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात जमा करावी लागते.

म्हणजे मासळी गेली तरी तिची किंमत कागदावर जिवंत राहते. मालकाची चूक नव्हती असं पुढे ठरलं, तर पैसे मागायला आधार त्या लिलावाच्या कागदाचाच. परराज्यातील नौकांच्या बाबतीत तर मासळीच्या किमतीच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. २०० किलो मासळी जास्त दाखवली आणि भाव किलोला ३०० रुपये धरला, तर किमतीत ६० हजारांचा फरक पडतो आणि पाच पटीने दंडात तब्बल ३ लाखांचा. म्हणून वजन, जात आणि भाव या तीन नोंदी बरोबर असणं दोन्ही बाजूंच्या फायद्याचं आहे.

पकडणारा वेगळा, निर्णय देणारा वेगळा

बरेच जण इथेच गोंधळतात. गस्ती नौकेवरचा अधिकारी जप्ती करतो, पण तो जागेवर दंड ठोकून प्रकरण मिटवू शकत नाही. त्याने अभिनिर्णय अधिकाऱ्याकडे प्रतिवेदन सादर करायचं असतं. पूर्वी हे काम तहसीलदारांकडे होतं. त्यांच्याकडे महसुलाची कामं आधीच ढीगभर, त्यामुळे प्रकरणं रेंगाळायची. २०२१ च्या सुधारणेनंतर हा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आला.

अभिनिर्णय अधिकाऱ्याने नौकामालकाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर अपिलाची सोय आहे. त्याला मुदत असते. म्हणून निकालाची प्रत हातात येताच अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं, हे कार्यालयात विचारून घ्यावं. जेटीवर कोणी रोख पैसे मागून “मिटवून टाकू” म्हणत असेल, तर तो कायद्यातला मार्ग नाही. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

दंड किती?

• विनापरवाना यांत्रिक मासेमारी किंवा बंदी आदेशाचा भंग : ५ लाख रुपयांपर्यंत
• एलईडी किंवा बूल ट्रॉलिंग : ५ ते २० लाख रुपये
• बेकायदा पर्ससीन, रिंगसीन किंवा ट्रॉल जाळ्याने मासेमारी : १ ते ६ लाख रुपये
• मापापेक्षा लहान मासळी पकडणे : १ ते ५ लाख रुपये
• परराज्यातील नौकेची घुसखोरी : २ ते ६ लाख रुपये, शिवाय मासळीच्या किमतीच्या पाच पटीपर्यंत

लहान मासळी घेणारा व्यापारीही सुटत नाही

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान माप ठरवून दिलं. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा लहान नको. बोंबील १८० मिलिमीटर. त्याहून छोटी मासळी एकदाही अंडी न घालता जाळ्यात संपते आणि पुढच्या हंगामात जाळी रिकामी येतात. अशी मासळी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. “मी पकडली नाही, मी फक्त घेतली” हे उत्तर चालत नाही.

नौकामालक, तांडेल आणि खलाशांनी काय करावं?

• नोंदणी, मासेमारी परवाना आणि खलाशांची ओळखपत्रं नौकेवर ठेवा.
• झडतीत अडथळा आणू नका. अधिकाऱ्याच्या कामात अडथळा किंवा धक्काबुक्की केली तर भारतीय न्याय संहितेखाली वेगळा फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. मग मालकाच्या दंडाच्या प्रकरणात खलाशी कोर्टाच्या फेऱ्या मारतो.
• नौका हद्दीबाहेर होती असं म्हणणं असेल, तर जीपीएसवरील ठिकाण आणि वेळेचा फोटो काढून ठेवा.
• पंचनाम्याची प्रत मागा. सही करण्याआधी वजन आणि मासळीच्या जाती वाचा. चूक असेल तर तिथेच लेखी हरकत नोंदवा.
• लिलावाच्या वेळी मालकाने किंवा त्याच्या माणसाने हजर राहावं. बोलीची रक्कम लिहून घ्यावी.

तक्रार करणाऱ्या मच्छीमारांसाठी

“एलईडीवाले रोज येतात, कोणी पकडत नाही,” ही किनाऱ्यावरची जुनी तक्रार. नुसतं फोनवर सांगून कारवाई टिकत नाही. तारीख, वेळ, अंदाजे ठिकाण, नौकेचं नाव आणि क्रमांक, शक्य असल्यास फोटो किंवा व्हिडिओ असा तपशील द्या. आपल्या तालुक्यातील परवाना अधिकारी किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज दिला तर पाठपुरावा सोपा जातो.

संतापाच्या भरात स्वतःच दुसऱ्याची नौका अडवून मासळी काढून घेण्याचा प्रकार मात्र अंगलट येतो. जप्तीचा अधिकार फक्त प्राधिकृत अधिकाऱ्याला आहे. तोच प्रकार जमावाने केला तर गुन्हा तक्रारदारावर दाखल होतो आणि खरा एलईडीवाला मोकळा सुटतो.