किलोने मोजलेला ट्रक

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत हिरव्या मिरचीचा बाजार भरला की रात्री उशिरापर्यंत ट्रक लागतात. त्याच रस्त्यावर, आमच्या खळ्यातल्या लिंबाखाली, १९९१ पासून न हललेला एक ट्रक उभा होता. टाटा-मर्सिडीज, मॉडेल एल-३१२, आरसी बुकावर साल १९५९. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा. शाळेत मी ‘आमच्याकडे मर्सिडीज आहे’ म्हणायचो आणि पोरं हसायची.

मागच्या उन्हाळ्यात घरी ठरलं की जागा मोकळी करायची. काकांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, जूनमध्ये फी भरायची होती. जालन्याहून भंगारवाला आला. टायरला लाथ मारून म्हणाला, “तीन टन भरल. तीस रुपयांनी धरा.” म्हणजे नव्वद हजार.

जालन्यात हा हिशोब सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. तिथल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार वितळतं आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडतं. भट्टीला वजन कळतं, साल कळत नाही. मी पुण्याहून फोन करून एक महिना मागून घेतला. काका म्हणाले, “घे. पण फी कोणासाठी थांबत नसती, बाळा.”

मी कोड लिहिणारा माणूस. मला वाटलं, पार्टांची यादी करायची, फोटो टाकायचे, किंमत लावायची, झालं. पण किंमत लावायला आधी पार्टचं वय कळावं लागतं, आणि वय कळायला देशाचा इतिहास वाचावा लागतो, हे पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं.

टेल्को ही कंपनी १९४५ ची. सुरुवातीला तिथे रेल्वेची इंजिनं व्हायची. १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरमधून ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवातीला बरेचसे भाग जर्मनीतून यायचे. मग एकेक भाग इथे बनू लागला. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा तारा गेला आणि टाटाचा ‘टी’ आला. म्हणून ताऱ्याचा ट्रक म्हटलं की तो या पंधरा वर्षांतला. खरेदीदार फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो याचसाठी: “तारा आहे का?”

आता डिझेल पंप घ्या. आमच्या इंजिनावर होता मायकोचा. मायको म्हणजे १९५१ साली बंगळुरात सुरू झालेली, जर्मन बॉशशी जोडलेली कंपनी. पण सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत, ग्रीस लावलेल्या धोतराच्या फडक्यात, आबांनी आणखी एक पंप गुंडाळून ठेवला होता. त्याच्यावर बॉशची जर्मन पट्टी. गाडीसोबत आलेला पंप तो. बिघडल्यावर आबांनी मायकोचा बसवला आणि जुना ‘लागंल कधी’ म्हणून जपला.

ओरिजिनल म्हणजे काय, हे मला त्या पेटीने शिकवलं. जर्मन म्हणजे ओरिजिनल, देशी म्हणजे डुप्लिकेट, असं ते नाही. १९५९ च्या गाडीला बॉश ओरिजिनल असेल, तर पुढच्या एखाद्या गाडीला मायकोच ओरिजिनल असेल. बघायचं ते एवढंच, की हा भाग त्या गाडीच्या सालाशी जुळतो का.

प्रीमियरच्या गाड्यांचं गणित आणखी मजेदार. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना घातला आणि अमेरिकेच्या क्रायसलरशी करार करून गाड्या बांधल्या. जुने ड्रायव्हर ज्यांची नावं अजून घेतात ते डॉज, फार्गो आणि डिसोटो हे मुळात एकच ट्रक, नावं तीन. त्यामुळे एकाचा गिअर दुसऱ्याला बसतो आणि गिऱ्हाईक तिप्पट होतं. नावाची पट्टी मात्र ज्याची त्यालाच लागते, म्हणून हाताएवढी पट्टी भाव खाते. आणि ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, तिथेच आज जुन्या पार्टांची दुकानं आहेत.

मग टिकतं काय आणि हरवतं काय? अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, चासी हे जड भाग टिकतात, म्हणून त्यांना पार्ट म्हणून फारशी मागणी नाही. तांब्यापितळेचा रेडिएटर भंगारातच चांगला जातो, म्हणून जुन्या गाडीतून तो आधी नाहीसा होतो. आमचाही केव्हाच गेला होता. मागणी असते ती मीटर, स्टिअरिंग, हेडलाइटच्या रिंगा, काचा, पट्ट्या अशा फुटणाऱ्या, हरवणाऱ्या वस्तूंना. आमच्या मीटरवर आकडे मैलांचे होते. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, ती बाजारात टप्प्याटप्प्याने आली १९५८ नंतर. मीटर तेव्हा नव्या-जुन्याच्या उंबरठ्यावरचा होता.

इथे मी एक घोडचूक केली. ताऱ्यावरचा गंज बघवेना म्हणून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तो घासला आणि चंदेरी स्प्रे मारला. खूश होऊन फोटो पाठवले. कोल्हापूरच्या खरेदीदाराने फोनवर फक्त एवढंच विचारलं, “धुतला का?” मूळ मुलामा गेला होता. किंमत अर्ध्याहून खाली आली. धूळ पुसावी, गंज तसाच राहू द्यावा आणि नंबरच्या पट्टीला तर हातसुद्धा लावू नये.

इंजिनाचंही असंच. १९८३ साली आबांनी इंजिन बदललं होतं. आरसीवर नोंद होती, म्हणून कागद स्वच्छ होता. पण मूळ नंबर नाही म्हटल्यावर भाव उतरला. मी हे आधीच सांगून टाकलं. आबांच्या दृष्टीने ती बदली म्हणजे ट्रकला मिळालेला दुसरा जन्म होता. संग्राहकाच्या वहीत तो दोष ठरला.

कायद्याची गोष्ट याहून विचित्र. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं दिली. पण ते नियम दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना लागू. मालवाहू ट्रक त्यात नाही. राजाची मोटार वारसा ठरते, आणि राजाच्या गावाला धान्य पोचवणारा ट्रक भंगार. आमच्या ट्रकला जतन करायचं तर स्वतःच्या खिशातून, आणि आमच्या खिशात तेव्हा फी नव्हती.

शेवटी पंप, मीटर, स्टिअरिंग, हेडलाइट, तारा आणि किरकोळ सामान मिळून सव्वाशे किलोच्या आत बासष्ट हजार आले. इंजिन नंबर असलेली पावती देऊन इंजिनही विकायचा विचार होता, पण त्याला भंगाराहून जास्त कुणी देईना. उरलेला सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिला. भाव किलोमागे चार रुपयांनी कमी मिळाला, पण कलम ५५ प्रमाणे आरसी रद्द झाल्याचा कागद हातात आला. चासी नंबर दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरायची भीती उरली नाही. फी वेळेत भरली.

राहिली ती लाकडी केबिन. कंपनीकडून तेव्हा बहुधा नुसती चासी यायची. केबिन आणि पाठीमागची बॉडी गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. आमची केबिन सागाची. दरवाजाच्या आतल्या बाजूला आबांनी खिळ्याने कोरलेल्या खेपांच्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. ट्रकमधला आपल्या माणसांनी घडवलेला भाग तो एवढाच, आणि त्याला एकाही खरेदीदाराने भाव विचारला नाही. कंपनीचा नाही, म्हणून ओरिजिनल नाही.

तो दरवाजा काकांनी नव्या शेडच्या आत टांगलाय. आता मिरचीची पोती उतरली की पोरं त्याच्यावर खडूने रेघा मारतात. आबांच्या रेघांच्या खाली.