सहाव्या अनुसूचीचा इतिहास कोठे शोधावा?

देशात राहूनच आपला कारभार आपण पाहणाऱ्या प्रदेशांचा अभ्यास करण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना परदेशांकडे पाहण्याचे कारण नाही. ईशान्य भारतातील स्वायत्त जिल्हे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीत आहेत. तेथील परिषद म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषद नव्हे. तिला जमीन, वारसा, विवाह अशा बाबींवर कायदे करता येतात.

बहुतेक विद्यार्थी अनुसूची वाचतात आणि थांबतात. तिचा सहावा परिच्छेद पालकांनीही वाचावा. प्राथमिक शाळेत शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार तो परिषदेला देतो. भाषेचा प्रश्न ज्यांच्या घरात रोजचा आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. पण हातातली प्रत कोणत्या सालची, हे आधी पाहावे. १९५० च्या मूळ मजकुरात राज्यपालांचा उल्लेख नाही. १९६९ च्या मेघालयविषयक कायद्याने हा परिच्छेद बदलला आणि शाळा, दवाखाने, बाजार यांच्या नियंत्रणाचे नियम करण्यास राज्यपालांची पूर्वसंमती आवश्यक झाली. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

हा अधिकार मुळात का दिला, याचे उत्तर गोपीनाथ बार्दोलोई यांच्या उपसमितीच्या १९४७ च्या अहवालात आहे. पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाचे ठक्करबापा या समितीवर होते. माझ्या मते अहवालाहून त्याच्या साक्षींचा भाग मोलाचा. शिफारशी समितीच्या असतात, साक्षींतून डोंगरातील माणसे बोलतात.

त्यानंतर सप्टेंबर १९४९ मधील घटना समितीची चर्चा वाचावी. आसामचे कुलधर चालिहा यांना या तरतुदींत फुटीरपणाची भीती दिसली. खासी प्रतिनिधी निकोल्स रॉय यांनी त्यांचा हिरिरीने बचाव केला. डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे उदाहरण दिले. विरोधकाचे भाषण वगळून कोणी टिपण काढले, तर ते अर्धेच समजावे.

अधिकार कागदावर किती आणि व्यवहारात किती, हे न्यायनिवाडे सांगतात. खासी टेकड्यांत परिषदेने मिल्लीमच्या सियेमला, म्हणजे पारंपरिक प्रमुखाला, निलंबित केले. त्यासाठी आधी कायदा करायला हवा होता काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परिषद केवळ कायदे करणारी नसून प्रशासन चालविणारीही संस्था आहे, असे न्यायालयाने १९६१ च्या प्रकाशित निकालात म्हटले.

नागा टेकड्यांचा शोध मात्र या दप्तरांत लागणार नाही. अनुसूचीत त्यांचे नाव होते, पण नागांनी ही व्यवस्था नाकारली, १९५२ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, आणि परिषद स्थापनच झाली नाही. परिषदच नाही म्हणून तिचे ठरावही नाहीत. त्यासाठी नागा नॅशनल कौन्सिलची निवेदने आणि १९६० च्या दिल्ली कराराचे कागद पाहावे लागतात. त्या करारातून १९६३ मध्ये नागालँड राज्य झाले.