शेजारच्या यंत्राच्या शब्दावर : आरएसएच ते एसएसएच (थ्रेड)

२५ डिसेंबर १९९४. सॅन दिएगोजवळील एका संगणकाला नेटवर्कवरून एक आज्ञा मिळाली. ती जेमतेम एका ओळीची होती : अमुक फाइलीच्या शेवटी दोन अधिक-चिन्हे लिही. संगणकाने ती मुकाट्याने लिहिली. त्या क्षणापासून कोणत्याही यंत्रावरच्या कोणत्याही माणसाला तेथे परवलीच्या शब्दावाचून प्रवेश खुला झाला. दोन चिन्हांना एवढे सामर्थ्य कोठून आले, हे समजण्यासाठी अकरा वर्षे मागे जावे लागते.

ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. खर्चाचा भार अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने उचलला होता. व्हॅक्ससारखी कपाटाएवढी, महागडी यंत्रे तेव्हा अनेकांत मिळून वापरली जात आणि एकाच इमारतीतील यंत्रे इथरनेटच्या तारेने जोडली जाऊ लागली होती. साहजिकच एक सोय हवीशी वाटू लागली : आपल्या यंत्रापुढे बसून शेजारच्या खोलीतील यंत्रावर प्रोग्रॅम चालवता यावा आणि त्याचे उत्तर आपल्याच पडद्यावर उमटावे.

४.२ बीएसडीने ही सोय दोन आज्ञांत दिली. 'आरलॉगिन'ने दुसऱ्या यंत्रात शिरता येई. 'आरएसएच'ने तर शिरण्याचीही गरज नसे; यंत्राचे नाव लिहावे, पुढे आज्ञा लिहावी, काम झाले.

पण दर वेळी परवलीचा शब्द कोण विचारणार? त्यावर तोड निघाली ती 'आरहोस्ट्स' नावाच्या फाइलीची. जी यंत्रे आणि जी माणसे विश्वासाची, त्यांची नावे तीत लिहून ठेवायची. त्या यंत्राकडून 'हा आमचा अमुक माणूस' असा निरोप आला की दार उघडे. शेजारच्या गडाच्या हवालदाराने हमी दिली म्हणून पाहुण्याची झडती न घेता दिंडी दरवाजा उघडावा, तसाच हा प्रकार. नावांच्या जागी अधिक-चिन्ह लिहिले, तर त्याचा अर्थ 'कोणीही'. दोन अधिक-चिन्हे म्हणजे कोणतेही यंत्र आणि कोणताही माणूस.

हा भोळेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निरोप १०२४ पेक्षा कमी क्रमांकाच्या पोर्टवरूनच यावा, अशी अट होती आणि युनिक्सवर असे पोर्ट केवळ यंत्राच्या व्यवस्थापकालाच उघडता येत. यंत्रे मोजकी आणि व्यवस्थापक परस्परांच्या ओळखीचे, तोवर ही अट पुरेशी होती. पुढे टेबलावर मावणारे संगणक आले. प्रत्येक जण आपल्या यंत्राचा व्यवस्थापक झाला आणि अटीतला अर्थ निघून गेला.

त्याआधीच एका तरुणाने मुळावर बोट ठेवले होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, रॉबर्ट टॅपन मॉरिस याने बेल लॅब्जसाठी एक छोटा अहवाल लिहिला. नव्या संभाषणाच्या आरंभी ४.२ बीएसडी एक क्रमांक देते. समोरच्याने तो ऐकून परत सांगितला की ओळख पटली. पण हा क्रमांक ठरावीक गतीने वाढत असे. म्हणजे तो ऐकू आला नाही तरी अदमासाने सांगता येई आणि दुसऱ्याच यंत्राचे सोंग घेता येई. धोका असा छापील स्वरूपात मांडला गेला. व्यवहारात मात्र विश्वासाच्या याद्या वाढतच राहिल्या.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी याच मॉरिसचा प्रसिद्ध 'वर्म' सुटला. त्याने इतरही छिद्रे वापरली, पण एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना विश्वासाच्या याद्यांचा रस्ता त्याला आयता मिळाला. मॉरिसला शिक्षा झाली; याद्या तशाच राहिल्या.

आता पुन्हा १९९४चा नाताळ. ते यंत्र सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांचे होते. हल्लेखोराने प्रथम त्यांच्या विश्वासातील दुसऱ्या यंत्रावर अर्धवट जोडण्यांचा भडिमार करून त्याची वाचा बंद केली. मग लक्ष्य असलेल्या यंत्राशी पुनःपुन्हा जोडणी करून क्रमांक तपासले. दर वेळी ते नेमके १,२८,००० ने वाढत होते. पुढचा क्रमांक त्याने हिशेबाने काढला, मुक्या झालेल्या यंत्राच्या नावाने तो सांगितला आणि आरएसएचने ती एक ओळ पाठवली. उत्तर त्याला दिसत नव्हते, दिसण्याची गरजही नव्हती. मॉरिसच्या अहवालाला तेव्हा जवळजवळ दहा वर्षे होत आली होती. शिमोमुरांनी काढलेला माग केव्हिन मिटनिकपर्यंत पोहोचला आणि १५ फेब्रुवारी १९९५ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे त्याला अटक झाली.

त्याच वर्षी फिनलंडमध्ये याच रचनेची दुसरी उणीव उघडी पडली. याद्या नसतील तेथे परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे शब्द टिपल्याचे आढळले, तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये तो सर्वांसाठी मोफत खुला केला. यात सारे संभाषण कूटबद्ध होते आणि यंत्राची ओळख त्याच्या नावावरून नव्हे, तर त्याच्याजवळील गुप्त किल्लीवरून पटवली जाते. वर्षअखेरीस सुमारे ५० देशांत त्याचे २०,००० वापरकर्ते झाले होते.

युलोनेन यांचा व्यवहारी शहाणपणा असा, की जुन्या सवयींना त्यांनी हात लावला नाही. आज्ञा लिहिण्याची रीत तीच राहिली, केवळ एक अक्षर बदलले : 'आरलॉगिन'चे 'एसलॉगिन', 'आरसीपी'चे 'एससीपी' आणि 'आरएसएच'चे 'एसएसएच'.