दामदुपटीचे गणित : ७२ चा नियम

दामदुप्पट हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. व्याजाची थकबाकी कोणत्याही वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असे धनकोला बंधन घालणारा 'दामदुपट' हा हिंदू कायद्यातील जुना नियम पूर्वीच्या मुंबई प्रांतात लागू होता. आज हा शब्द प्रामुख्याने गुंतवणुकीच्या जाहिरातींत भेटतो. रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल, हे मात्र कोणालाही तोंडी काढता येते. ७२ या संख्येला वार्षिक व्याजदराने भागले की वर्षे मिळतात. इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४ मधील ग्रंथात हा नियम आढळतो.

८ टक्के चक्रवाढ व्याजाने रक्कम ९ वर्षांत, तर ६ टक्क्यांनी १२ वर्षांत दुप्पट होते. पोस्टाच्या किसान विकास पत्रावर हा नियम पडताळता येतो. १९८८ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. एप्रिल २०२३ मध्ये व्याजदर ७.५ टक्के झाला आणि मुदत ११५ महिने, म्हणजे ९ वर्षे ७ महिने ठरली. नियमाने येणारे उत्तर ९.६ वर्षे आहे.

उशिराची किंमत

वयाच्या २४ व्या वर्षी ८ टक्क्यांनी गुंतवलेला १ लाख रुपया साठीपर्यंत चार वेळा दुप्पट होऊन सुमारे १६ लाखांवर जातो. तीच रक्कम ३३ व्या वर्षी गुंतवल्यास हाती ८ लाखच पडतात. उशीर ९ वर्षांचा. पण त्यात हुकते ती पहिली नव्हे, तर शेवटची आणि सर्वांत मोठी दुप्पट. पगार कमी असताना बाजूला काढलेली थोडी रक्कम पुढील मोठ्या बचतीला भारी ठरते, ती यामुळेच.

उलटे गणित

हाच नियम महागाईलाही लागू पडतो. महागाई ६ टक्के राहिली, तर आज ३० हजारांत भागणाऱ्या घरखर्चाला १२ वर्षांनी ६० हजार लागतील. प्राप्तिकराचाही विचार करावा लागतो. ७ टक्के व्याजाच्या ठेवीवर ३० टक्के कर गेल्यास हाती ४.९ टक्के उरतात आणि दुपटीचा काळ सुमारे १० वर्षांवरून १५ वर्षांच्या जवळ जातो.

कर्जदाराच्या बाबतीत वेळ विरोधात उभी राहते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के आकारणी ऐकायला किरकोळ वाटते. परंतु ७२ भागिले ३ म्हणजे २४. काहीही न भरल्यास दोन वर्षांत देणे दुप्पट होते. वार्षिक दर ३६ नव्हे, तर सुमारे ४२.६ टक्के पडतो. त्यामुळे हाती आलेल्या जादा पैशातून ठेव करण्याआधी असे कर्ज फेडणे अधिक लाभाचे ठरते.

मर्यादा

हा नियम अंदाजासाठी आहे. साधारणतः ६ ते १० टक्के दरांसाठी तो अचूकतेच्या जवळ जातो. व्याजावर व्याज मिळत नसेल, म्हणजेच सरळव्याज असेल, तर तो लागू होत नाही. तेथे ८ टक्क्यांनी दुपटीला साडेबारा वर्षे लागतात.

फसव्या योजना ओळखण्यासही तो उपयोगी पडतो. दोन वर्षांत दामदुप्पट देऊ करणारा वर्षाला सुमारे ३६ टक्के परताव्याचे आश्वासन देत असतो. नेमका हिशेब केल्यास हा दर ४१ टक्क्यांपुढे जातो. एवढे उत्पन्न देणारा कोणता व्यवसाय तो करतो, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारणे हिताचे.