सिल्ट माती म्हणजे काय? भोर-वेल्ह्याच्या उतारावरची माती बरणी आणि मोबाईलने कशी ओळखायची

रायरेश्वरच्या पठारावरच्या सात रंगांच्या मातीचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. भोर तालुक्यातली ही माती लाल, पिवळी, जांभळट अशा छटांमध्ये दिसते आणि फोटोला झकास येते. पण मातीचा रंग तुम्हाला फार थोडं सांगतो. लोहाची संयुगं कोणत्या रूपात आहेत यावर तो बराचसा ठरतो. माती पाणी किती धरेल, पावसात वाहून जाईल का, कापलेला उतार उभा राहील का, हे ठरतं कणांच्या आकारावर. या लेखात आपण त्यातल्या मधल्या आकाराच्या कणांबद्दल, म्हणजेच सिल्टबद्दल समजून घेऊया.

सिल्ट म्हणजे नेमकं काय?

मातीत तीन आकारांचे कण असतात.

- वाळू: ०.०५ ते २ मिलिमीटर. बोटांना खरखरीत लागते.
- सिल्ट: ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर. कोरडी असताना टाल्कम पावडरसारखी, ओली असताना गुळगुळीत, पण फारशी चिकट नाही.
- चिकणमाती: ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक. ओली झाली की हाताला आणि बुटाला चिकटते.

सिल्टला मराठी पुस्तकांत पोयटा किंवा गाळ असे शब्द आहेत. पण गावात 'पोयट्याची जमीन' म्हटलं की नदीकाठची भुसभुशीत, सुपीक जमीन असा अर्थ होतो, आणि 'गाळ' म्हणजे धरणात किंवा ओढ्यात साचलेला राडा. गोंधळ नको म्हणून इथे कणाच्या आकारासाठी 'सिल्ट' हाच शब्द वापरतोय.

भोर-वेल्ह्यात ती कुठे सापडते?

हा सगळा भाग दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून तो बनला. बेसॉल्ट कुजत गेला की आधी मुरूम होतो आणि शेवटी बारीक चिकणमाती. सिल्ट ही मधली पायरी. म्हणून इथे निव्वळ सिल्टची जमीन शोधू नका. मुरूम, सिल्ट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं, आणि त्याचं प्रमाण उतारावर वरून खाली बदलत जातं.

राजगड किंवा तोरण्यावरून उतरताना हे बघता येतं. माथ्यावर कातळ आणि पातळ माती. मधल्या उतारावर मुरमाड, उथळ वरकस जमीन, जिथे नाचणी आणि वरी घेतात. उताराच्या पायथ्याशी आणि ताली-बांधांच्या मागे वरून धुऊन आलेली बारीक माती साचते, सिल्टचा भाग तिथे जास्त मिळतो. सगळ्यात खाली भाताची खाचरं, तिथे चिकणमाती.

पावसाचंही तसंच. पश्चिमेला घाटमाथ्यावर धो-धो पाऊस, आणि पूर्वेला पुरंदर-शिरवळच्या दिशेने गेलात की तो झपाट्याने कमी होतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: पाऊस साधारण चार महिने, उरलेले आठ महिने उतार कोरडाठाक. सिल्ट मातीचे गुण-दोष या कोरड्या काळामुळेच ठळक होतात.

(वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. त्यामुळे नकाशांवर आणि अ‍ॅप्सवर दोन्ही नावं दिसू शकतात.)

फायदा: ही माती म्हणजे चांगली बॅटरी

मातीला फोनची बॅटरी समजा. पाऊस चार्ज करतो, पीक ती वापरतं. १० सेंटीमीटर जाडीच्या सिल्ट असलेल्या पोयटा मातीत पिकाला मिळू शकेल असं साधारण २० मिलिमीटर पाणी मावतं. वाळूसर मातीत तेवढ्याच जाडीत ८ मिलिमीटरच्या आसपास.

आता हिशोब करू. उतारावर माती १५ सेंटीमीटर आहे, म्हणजे ३० मिलिमीटर पाणी. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि पीक दिवसाला ४ मिलिमीटर पाणी वापरतंय, तर ते सात दिवस तग धरेल. वरची ५ सेंटीमीटर माती वाहून गेली तर उरलं २० मिलिमीटर, म्हणजे पाच दिवस. पावसाचा खंड आठवडाभराचा असेल तर हे दोन दिवस खूप मोठे असतात. आणि फोनची बॅटरी बदलून मिळते, ही नाही.

तोटा: सगळ्यात आधी वाहून जाणारी हीच

वाळूचे कण जड असतात, त्यांना ढकलायला जोराचं पाणी लागतं. चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. सिल्टचे कण वजनाला हलके आणि पकडीला कमजोर. त्यामुळे पाण्याबरोबर निघून जायला सगळ्यात सोपे.

मे महिन्यात काय होतं ते पायरी पायरीने पाहूया.

१. उन्हाने ढेकळं पूर्ण वाळतात, जमिनीवर गवत नसतं.
२. वळवाची सर येते. पाणी ढेकळात एकदम शिरतं, आत अडकलेली हवा दाबली जाते आणि ढेकूळ फुटतं.
३. थेंबांच्या माऱ्याने सुटे झालेले सिल्टचे कण मातीची छिद्रं बुजवतात. वर पातळ पापडी धरते.
४. पुढचं पाणी मुरत नाही, वरून धावतं आणि सुटी माती सोबत नेतं.

एक हेक्टरवरून फक्त १ मिलिमीटर माती गेली तरी ती सुमारे १३ टन भरते, एकरी पाच टनांच्या पुढे. डोळ्यांना मात्र काहीच फरक दिसत नाही.

ही माती जाते कुठे? ओढ्यातून नदीत आणि तिथून धरणात. वेळवंडी नदीवरचं भाटघर, नीरेवरचं देवघर, आंबी नदीवरचं पानशेत ही सगळी धरणं याच डोंगरांच्या कुशीत आहेत. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, ती धरणांत आणि तलावांत साचलेला गाळ काढून शेतात नेण्यासाठी. म्हणजे पावसाने फुकट खाली नेलेली माती आपण डिझेल जाळून परत वर आणतो.

धूप किती होईल? एक साधं फंक्शन

कोडिंग शिकत असाल तर हे आवडेल. मातीची धूप मोजायला जगभर वापरलं जाणारं सूत्र निव्वळ गुणाकार आहे:

धूप = पावसाचा मारा × मातीचा कमकुवतपणा × उताराची लांबी आणि चढ × झाकण × बांधबंदिस्ती

पाऊस आपल्या हातात नाही. मातीचा कमकुवतपणाही जवळजवळ ठरलेला, आणि सिल्ट जास्त असलेल्या मातीत तो सगळ्यात वाईट. पण गुणाकारातला एक आकडा लहान केला की सगळं उत्तर लहान होतं. उताराची सलग लांबी मध्ये बांध घालून निम्मी केली, तर लांबीचा गुणक साधारण ०.७ पट होतो, म्हणजे तेवढ्यानेच धूप ३० टक्क्यांच्या आसपास घटते. जमिनीवर गवत किंवा पालापाचोळा असेल तर झाकणाचा आकडा आणखी खूप खाली येतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी दगडी ताली रचल्या, त्या याच गुणाकारावर चालतात.

घरी तपासा: बरणी आणि मोबाईल

लागणाऱ्या वस्तू: काचेची उभट बरणी, माती, चमचाभर कपड्यांचा साबणचुरा, पट्टी, मार्कर, मोबाईल.

१. दगड-काड्या काढून माती बारीक करा. बरणीत साधारण ३ सेंटीमीटर भरा.
२. तळापासून १० सेंटीमीटरपर्यंत पाणी आणि साबणचुरा घाला. साबण महत्त्वाचा आहे. इथल्या लाल मातीत लोहामुळे बारीक कण गुठळ्या करून बसतात आणि सिल्ट असल्यासारखे भासतात. साबणाने गुठळ्या सुटतात.
३. पाच मिनिटं जोरात हलवा, ठेवा, आणि टाइमर लावा.
४. १ मिनिटाने खूण करा. खाली बसली ती वाळू.
५. ८ तासांनी दुसरी खूण. मधला थर सिल्टचा.
६. दोन-तीन दिवसांनी तिसरी खूण. वरचा थर चिकणमातीचा.

वेळा अशाच का? कण बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ०.०५ मिलिमीटरचा कण १० सेंटीमीटर पाण्यातून पाऊण मिनिटात खाली येतो. ०.००२ मिलिमीटरचा कण त्याच्या २५ पट लहान, म्हणून ६२५ पट हळू, म्हणजे जवळजवळ आठ तास. स्टँडवर फोन ठेवून टाइमलॅप्स लावला तर थर बसताना छान दिसतात.

उदाहरण: थर ९, १५ आणि ६ मिलिमीटर, एकूण ३०. म्हणजे वाळू ३०, सिल्ट ५०, चिकणमाती २० टक्के. अशा मातीला सिल्टयुक्त पोयटा म्हणतात. चिकणमातीचा थर फुगून बसतो, त्यामुळे तिचा आकडा थोडा जास्त येतो हे लक्षात ठेवा. हा अंदाज आहे, पक्क्या आकड्यासाठी प्रयोगशाळा.

उतार मोजायला मीटरभर सरळ फळी उतारावर ठेवा, त्यावर फोन ठेवून क्लिनोमीटर अ‍ॅप उघडा. अंश आणि टक्के यांत गल्लत करू नका: १० अंश म्हणजे सुमारे १८ टक्के, २० अंश म्हणजे ३६ टक्के आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के.

अ‍ॅपवरच्या नकाशावर भरवसा ठेवायचा का?

सॉइलग्रिड्ससारखे जागतिक मातीचे नकाशे फुकट बघता येतात, पण त्यातला एक चौकोन २५० मीटर बाय २५० मीटरचा असतो, म्हणजे साडेपंधरा एकरांचा. सपाट प्रदेशात ठीक. आपल्याकडे एवढ्या अंतरात कातळ, वरकस आणि भातखाचर तिन्ही येऊ शकतात, आणि नकाशा त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर देतो. तालुक्याचा अंदाज घ्यायला नकाशा, स्वतःच्या तुकड्यासाठी बरणी.

प्लॉट बघायला जाताय? मग हे वाचाच

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी मित्रांबरोबर या भागात एक प्लॉट बघायला गेलो होतो. जेसीबीने डोंगर उभा कापून सपाट जागा केली होती. मागची मातीची भिंत दोन पुरुष उंच आणि दगडासारखी टणक. ऑगस्टमध्ये परत गेलो तर तीच भिंत अर्धी रस्त्यावर आलेली.

यात जादू काही नाही. सिल्ट असलेली माती कोरडी असताना उभी राहते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना ओढून धरतं. माती पूर्ण भिजली की ती ओढ संपते, वजन वाढतं आणि भिंत बसते. म्हणून कापलेला उतार उन्हाळ्यात बघून निर्णय घेऊ नका. पावसाळ्यात एकदा तरी जाऊन या. कापलेल्या भिंतीला पायऱ्या किंवा आधारभिंत आहे का, वरचं पाणी वळवायला चर आहे का, हे विचारा.

उतारावर नव्या भेगा, कललेले खांब किंवा झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर तिथे थांबू नका, आणि व्हिडिओ काढत तर नाहीच. वरच्या-खालच्या घरांना सांगा आणि ११२ वर फोन करा. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला, दीडशेहून जास्त माणसं गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूस्खलन' नावाचं अ‍ॅपही आहे, डोंगरात राहणाऱ्यांनी ते फोनमध्ये ठेवावं.

पुढच्या वेळी ट्रेकवरून येताना पायथ्याच्या शेतातली मूठभर माती, शेतमालकाला विचारून, सोबत आणा. बरणी घरात असतेच. आठ तासांत कळेल तुमच्या मुठीत काय होतं.